बादलीला भरती नसते

१

बर्नी ट्रस्कॉट बुधवारी सकाळी वारला आणि दुपारच्या ओहोटीपर्यंत सेव्हनमाइलच्या खाडीवर त्याचा मारेकरीही ठरून गेला. पोलिसांना जे महिनोन्‌महिने जमत नाही ते गावाला अर्ध्या दिवसात जमतं. खरं-खोटं बघायचं तेवढं राहून जातं.

बर्नी एक्याऐंशी वर्षांचा. दर रविवारी बोलिंग क्लबात मटणाच्या सोडतीची तिकिटं विकायचा आणि ती संपली की बारा कालवं घेऊन खिडकीशी बसायचा. त्या रविवारीही बसला. त्या दिवशी क्लबात जेवलेली बेचाळीस माणसं सोमवारी उलट्या-जुलाबांनी आडवी झाली. त्यातली एकेचाळीस उठली.

कालवं ग्लेनिस टॉवर्सच्या, खाडीत ती वाढवायच्या मांडवावरची होती. ग्लेनिस खाडीतल्या कालवंवाल्यांच्या संघटनेची अध्यक्ष. तिने शुक्रवारी ती कालवं काढली तेव्हा तिच्या फोनवर हिरवा दिवा होता. हिरवा म्हणजे खाडीचं पाणी खारट आहे, खुशाल काढा आणि विका. पण खाडी खारट नव्हती. आदल्या बुधवारी रात्री वादळ आलं, गुरुवारभर पाऊस कोसळला, गावाच्या सांडपाण्याचं पंपघर भरून वाहिलं आणि ते सगळं गोडं, घाण पाणी खाडीत उतरलं. कालवं जे पाणी येईल ते पितात, नाक मुरडत नाहीत. दिवा लाल व्हायला हवा होता. तो झाला नाही.

हा दिवा नेरिडा लॉरीचा. नेरिडा एकोणचाळीस वर्षांची, याच खाडीतल्या रॉन लॉरी या कालवंवाल्याची मुलगी. आठ वर्षांपूर्वी बाप गेला, त्याचा खाडीतला पट्टा विकला गेला आणि ती ड्रू पेटिफरच्या कंपनीत आकड्यांची जाणकार म्हणून लागली. पूर्वी सरकारी नियम सरळ होता. ठरावीक पाऊस पडला की खाडी एकवीस दिवस बंद. पाणी पाचव्या दिवशी खारट झालं तरी एकवीस. तीन वर्षांपूर्वी नेरिडाने खाडीतल्या एका खांबावर यंत्र टांगलं. ते दर दहा मिनिटांनी पाण्याचा खारटपणा आणि तापमान मोजायचं. आकडे साठवून, अधिकाऱ्यांपुढे मांडून तिने त्या एकवीस दिवसांचे सहा करून दाखवले. मधले पंधरा दिवस हा ड्रूचा धंदा. ते दिवस तो कालवंवाल्यांना विकायचा, पुढच्या आठवड्यात किती माल येईल हा अंदाज सिडनीच्या हॉटेलांना विकायचा आणि आता आकड्यांसकट सबंध कंपनीच मेलबर्नच्या एका बड्या कंपनीला विकायला निघाला होता. पाणी तेच, कालवं तीच. विकलं जात होतं ते फक्त ठाऊक असणं.

"बादली," ड्रू म्हणाला. गळ आणि आमिषं विकणाऱ्या दुकानाच्या माडीवर त्याचं कार्यालय होतं. "कुणीतरी बुधवारी दुपारी यंत्र उचललं, समुद्राच्या पाण्याच्या बादलीत ठेवलं, पूर ओसरल्यावर मंगळवारी परत लावलं. बघ, सहा दिवस रेघ खारटच्या खारट. खाडी मेली तरी यंत्र मजेत."

"कुणीतरी म्हणजे कोण?"

ड्रूने पडदा नेरिडाकडे वळवला. खाडीतल्या प्रत्येक होडीचा त्यावर ठिपका होता, कोण कुठे आहे ते दाखवणारा. बुधवारी दुपारी तीन चाळीसला खारटपणाच्या रेघेने एक छोटीशी उडी मारली होती. त्याच मिनिटाला यंत्राशेजारी एकच ठिपका होता, आणि तो तिथे अकरा मिनिटं थांबला होता.

"पुढच्या शुक्रवारी सुनावणी आहे," ड्रू म्हणाला. "यंत्राशी छेडछाड म्हणजे पट्टा रद्द. मला तुझा अहवाल हवा. तुझं नाव असलं की कुणी शंका घेत नाही."

ठिपक्याखाली नाव होतं स्टॅव्ह मानोलास. नेरिडाच्या बापाचा खाडीतला जुना शेजारी, आणि तिला होडी हाकायला शिकवणारा माणूस.

२

"ये पोरी," स्टॅव्ह म्हणाला. "बेड्या आणल्यास की नंतर पाठवणार?"

सत्तरीला टेकलेला हा माणूस आपल्या शेडमध्ये फळीवर कालवं निवडत बसला होता. निवडायचं काही कारण नव्हतं, खाडी बंद होती. हाताला काम नसलं की त्याला दम लागायचा. त्याने पितळी भांड्यात कॉफी उकळली आणि न विचारता तिच्यापुढे ठेवली.

"स्टॅव्हकाका, बुधवारी दुपारी कुठे होतात?"

"खाडीत."

"वादळ येत असताना? कशाला?"

"काम होतं."

"कसलं काम?"

"चौतीस वर्षं जातोय. तुझ्या बापाने एकदाही विचारलं नाही कसलं काम. तो शहाणा होता."

नेरिडाने कॉफीचा घोट घेतला. जीभ भाजली. "यंत्राला हात लावलात?"

"त्या खांबाजवळसुद्धा मी फिरकत नाही. मला त्याचं तोंड आवडत नाही. सभेत सांगितलं होतं मी, ज्याला पाण्याची चव कळत नाही त्याने पाण्याबद्दल बोलू नये. लिहून घे हवं तर."

"तुमची होडी ग्लेनिसच्या कालवांच्या दोरांपाशी अकरा मिनिटं उभी होती."

"असेल उभी."

"मग सांगा ना तिथे काय करत होतात! ते लोक पट्टा काढून घेणार आहेत तुमचा. चौतीस वर्षांचा."

स्टॅव्हने एक कालव उचललं, उलटंसुलटं केलं, टोपलीत टाकलं. "ते सांगायचं नसतं," तो म्हणाला. "बर्नी आणि मी एका वर्षी क्लबात दाखल झालो, माहितीये तुला? माझं इंग्रजी ऐकून सगळे हसायचे. तो हसायचा नाही. आणि गाव म्हणतंय मी त्याला मारलं. मी यंत्राला हात लावलेला नाही, नेरिडा. माझ्या आईची शपथ. एवढंच लिही, याहून जास्त मी बोलणार नाही."

तो खोटं बोलत नव्हता. हे तिला कळत होतं, पण कळणं अहवालात लिहिता येत नाही. आणि काहीतरी दडवत होता हेही तितकंच कळत होतं.

बाहेर धक्क्याला त्याची होडी बांधलेली होती. नोव्हेंबरचं ऊन पाठ भाजत होतं. होडीत, मागच्या बाजूला, हात धुवायची बादली काठोकाठ भरलेली. नेरिडाने आजूबाजूला बघितलं, वाकून बादलीत बोट बुडवलं आणि तोंडात घातलं.

समुद्राचं पाणी होतं. आणि उन्हाने चांगलं कोमट झालेलं.

३

ग्लेनिस टॉवर्सला कुणी रडताना बघितलं नव्हतं आणि त्या दिवशीही तिने ती संधी दिली नाही. ती मांडव धूत होती, पाण्याचा फवारा असा मारत होती की फळ्यांचं लाकूड सोलून निघावं.

"बुधवारी मी सिडनीत होते, बाजाराच्या बैठकीला. गुरुवारी संध्याकाळी परतले," ती म्हणाली. "पुढचं विचार."

"शुक्रवारी कालवं काढलीस तेव्हा पाणी कसं होतं?"

फवारा थांबला.

"तपकिरी," ग्लेनिस म्हणाली. "पाणी तपकिरी होतं आणि फोन हिरवा होता. काठावरच्या उथळ मांडवात उभी होते मी, माझे बूट दिसत नव्हते मला. तीन वर्षांपूर्वी असतं ना, तर ओंजळभर तोंडात घेऊन थुंकले असते आणि घरी गेले असते. माझी आजीसुद्धा तेच करायची. पण मी फोन बघितला. म्हटलं, वाऱ्याने गाळ ढवळला असेल. म्हटलं, नेरीचं यंत्र माझ्या जिभेपेक्षा हुशार आहे. तूच सांगितलं होतंस ना सभेत, जिभेला सवय लागते, यंत्राला लागत नाही?"

"सांगितलं होतं."

"मग आता काय, जीभ परत पाठवतेस का मला?"

नेरिडाने पुढचा प्रश्न विचारला, कारण तेवढंच हातात होतं. "यंत्र तुझ्याच दोरावर आहे. तू किंवा तुझ्या माणसांनी ते काढलं होतं का?"

"कुठल्या दोरावर आहे तेसुद्धा मला नक्की माहीत नाही. जुलैत तू फोन केलास, त्या जुन्या खांबावर पाणकावळे घाण करतात, सफाईला सारखी होडी न्यावी लागते, तुझ्या दोरावर हलवू का. मी म्हटलं लाव बाई कुठेही. नंतर डोक्यातून गेलं."

हे खरं होतं. खरं तर ड्रूला सफाईच्या फेऱ्या कमी हव्या होत्या. नेरिडाने यंत्र ग्लेनिसच्या चौथ्या दोरावर नेलं आणि कुणाचा धक्का लागू नये म्हणून एका रिकाम्या काळ्या जाळीच्या पेटाऱ्यात बसवलं. दोराला तसे साठ पेटारे होते. तिला स्वतःच्या युक्तीचं कौतुकही वाटलं होतं.

"एक विचारू का?" ग्लेनिस म्हणाली. "स्टॅव्हनेच केलं असेल का गं हे?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटत नाही. पण मला तर पाणी चांगलं आहे असंही वाटलं होतं."

नेरिडा कार्यालयात परतली. ड्रू मेलबर्नशी फोनवर बोलत होता. तिने खारटपणाची रेघ बाजूला सारली आणि इतके दिवस कुणीच न बघितलेली दुसरी रेघ उघडली. तापमानाची. बुधवारी तीन चाळीसपासून मंगळवारी सकाळी आठपर्यंत. ती बघता बघता तिच्या लक्षात आलं की ड्रूची बादली साफ खोटी आहे.

४

बादली उन्हात तापते. स्टॅव्हच्या बादलीत बोट घातलं तेव्हाच तिच्या मनात हे खुपलं होतं. सहा दिवस बादलीत पडलेलं यंत्र दुपारी गरम आणि पहाटे गार झालं असतं, रेघ डोंगरासारखी वर-खाली गेली असती. ही रेघ फळीसारखी सपाट होती. खाडीच्या वरच्या थरातलंसुद्धा पाणी इतकं शांत राहत नाही.

मग तिने खारटपणाची रेघ जवळून पाहिली. सरळ वाटणारी ती रेघ सरळ नव्हती. दिवसातून दोनदा केसाएवढी वर चढत होती, दोनदा उतरत होती, आणि दर दिवशी पन्नासेक मिनिटं उशिराने.

ही भरती होती. बादलीला भरती नसते.

म्हणजे यंत्र सहाही दिवस खाडीतच होतं. फक्त खोल. पुराचं गोडं पाणी हलकं असतं, ते वर तरंगतं आणि खारं पाणी तळाशी बसून राहतं. यंत्र तळाशी गेलं होतं आणि तळाचं खरं तेच सांगत होतं. वर सगळं सांडपाणी वाहत असताना खाली आपलं खारट, गार, संथ. यंत्राने एक अक्षरही खोटं सांगितलं नव्हतं.

नेरिडाला हसू आलं. आठवड्यात पहिल्यांदा. लबाडी करणारा माणूस यंत्र घरी नेतो, बादलीत बुडवतो, मिठाच्या पाण्यात घालतो. वादळाच्या तोंडावर नेमकं दीड पुरुष खोल टांगत नाही. स्टॅव्ह सुटला, असं तिला मनापासून वाटलं.

दुसऱ्या दिवशी ग्लेनिसने तिला होडीतून चौथ्या दोरापाशी नेलं. यंत्राचा पेटारा वर काढला. जाळीच्या खालच्या कडेला काळा, चिकट गाळ सुकून बसला होता, खाडीच्या तळाचा. नेरिडाने शेजारचा पेटारा उलटा केला. त्यालाही गाळ. त्याच्या शेजारच्यालाही.

"ग्लेनिस, हा अख्खा दोर खाली गेला होता."

"सगळेच गेले होते," ग्लेनिस म्हणाली. "वादळ होतं ना."

"पण तू सिडनीत होतीस."

"होते."

"मग खाली कोणी केले?"

ग्लेनिसने तिच्याकडे असं बघितलं, जणू भर चर्चमध्ये नेरिडा काहीतरी अचकट बोलली होती. "ते विचारतात का?" ती म्हणाली. "रॉन लॉरीची मुलगी ना तू? मी मंगळवारी सकाळी वर घेतले, एवढंच. कुणी केले हे विचारायचं नाही, केले त्याने सांगायचं नाही."

नेरिडा होडीच्या फळीवर बसली.

सेव्हनमाइलला कालवांचे पेटारे दोरावर असतात आणि दोर दोन टोकांच्या खांबांना वरच्या कडीत अडकवलेले. वाऱ्याचा जोर व्हायच्या आधी दोर वरच्या कडीतून सोडून खालच्या कडीत घालायचा, म्हणजे पेटारे तळाशी जातात आणि लाटा त्यांना फाडू शकत नाहीत. आणि वादळाआधी खाडीत जो कुणी शेवटचा असेल, तो घरी गेलेल्या सगळ्यांचे दोर खाली करून मगच धक्क्याला लागतो. आभार मानायचे नाहीत, कारण आभार मानले की उपकार होतात आणि उपकार झाले की फेडणं आलं. पुढच्या वादळात शेवटचा दुसरा कुणीतरी असतो. तिचा बापही हे करायचा. दहा वर्षांची असताना ती त्याच्या होडीत बसून कड्या मोजायची.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिने यंत्र दोरावर टांगलं आणि दोर खाली जातात हे विसरली. हे विसरायला परका माणूस चालला नसता, घरचाच हवा होता. तीन वर्षं ती खाडीकडे पडद्यावरून बघत होती, आणि पडद्यावर कडी दिसत नाही.

आणि स्टॅव्ह म्हणाला होता, त्या खांबाजवळ मी फिरकत नाही. खांबाजवळ. यंत्र खांबावरून हललंय हे त्याला ठाऊकच नव्हतं. साठ काळ्या पेटाऱ्यांमधला एक त्याने बाकीच्यांबरोबर खाली सोडला होता, जपून, हाताला वारा झोंबत असताना.

५

अहवाल दोन पानांचा झाला. पहिल्या पानावर आलेख: यंत्र कधी खाली गेलं, कधी वर आलं, बादली का नव्हे, ठिपका कुणाचा. दुसऱ्या पानावर तिने स्वतःला लिहिलं. जुलैत यंत्र मी हलवलं, पेटाऱ्यात मी लपवलं, कालवंवाल्यांना कळवलं नाही. आणि आणखी एक.

सुरुवातीला तिने यंत्रात एक पहारा ठेवला होता. तापमानाची रेघ दिवसभर सपाट राहिली तर यंत्र जागेवर नाही असं धरून दिवा आपोआप लाल व्हायचा. वर्षभरात या पहाऱ्याने तीन वेळा उगाच खाडी बंद केली, एकूण अकरा दिवस. ऑगस्टमध्ये ड्रू म्हणाला, हे अकरा दिवस मेलबर्नवाल्यांच्या डोळ्यात खुपतायत, काढ तो. तिने एकदा विरोध केला. मग काढला. बोट तिचंच होतं. पहारा असता तर गुरुवारी संध्याकाळी दिवा लाल झाला असता आणि शुक्रवारी ग्लेनिस घरी बसली असती.

ड्रूने दोन्ही पानं वाचली. पहिलं दोनदा वाचलं.

"सुंदर काम आहे," तो म्हणाला, आणि वाईट म्हणजे ते मनापासून म्हणाला. "म्हणजे स्टॅव्हच."

"स्टॅव्ह नाही. त्याने शेजाऱ्यांचे दोर वाचवले. यंत्र तिथे आहे हे त्याला माहीतही नव्हतं. छेडछाड नाहीच ही."

"नियम वाचलायस? 'यंत्राची जागा वा खोली बदलणारा पट्टेदार.' हेतू हा शब्द नाही त्यात."

"मग दुसरं पान वाच. जागा आधी मी बदलली. पहारा तू काढायला लावलास."

"वाचलं," ड्रू म्हणाला. "अहवाल कंपनीचा आहे, नेरिडा. करार काढून बघ."

शुक्रवारी गावच्या सभागृहात सुनावणी झाली. लांब टेबल, चहाची किटली, कोपऱ्यात घडी केलेल्या खुर्च्या. अध्यक्ष बाई राजधानीहून आलेल्या, नीटस, थकलेल्या. स्टॅव्ह इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसला होता. आदल्या दिवशी नेरिडाने त्याला फोन केला होता. सगळं सांगण्याचा धीर झाला नाही. फक्त म्हणाली, काळजी करू नका, तुम्ही लबाडी केली नाही हे मी सिद्ध केलंय. तो म्हणाला होता, ते मला माहीत होतं पोरी, पण बरं झालं.

ड्रूने पहिलं पान भिंतीवर दाखवलं. शांतपणे, तिच्याच शब्दांत. बादली नव्हती, हेही प्रामाणिकपणे सांगितलं. मग ठिपका दाखवला.

तोवर स्टॅव्हविरुद्ध सगळा संशयच होता. एक बादली, एक जुनी चीड, गावाची बडबड. संशयावर पट्टा जात नाही. पुरावा लागतो, आणि तो नेरिडाने मिनिटासकट आणून दिला होता.

ती उठली. "या अहवालाला दुसरं पान आहे," ती म्हणाली, आणि सगळं सांगितलं. जुलै, पेटारा, पहारा, ऑगस्ट.

अध्यक्ष बाईंनी ऐकून घेतलं. "कंपनीच्या अंतर्गत कामाची चौकशी ही वेगळी बाब आहे," त्या म्हणाल्या. "त्यासाठी स्वतंत्र तक्रार करता येईल. आज प्रश्न एकच आहे. खोली कुणी बदलली?"

"त्यांना माहीत नव्हतं तिथे यंत्र आहे! ते शेजाऱ्यांचे दोर..."

"बस कर, नेरिडा," स्टॅव्ह म्हणाला.

तो उभा राहिला होता. भिंतीवरच्या आलेखाकडे बघत होता, जिथे तीन चाळीसला रेघ किंचित उडी मारत होती. "ती रेघ म्हणजे मी कडी सोडली ती?" त्याने विचारलं. मग स्वतःच मान हलवली. "चौथा दोर. हो, मीच. हात माझाच होता, बाई. लिहा."

६

पट्टा रद्द झाल्याचं पत्र सोमवारी आलं. नेरिडाने तक्रार केली. ती पोचल्याची पावतीही आली, आणि त्यात उत्तराला नऊ महिने लागतील असं लिहिलं होतं.

मेलबर्नवाल्यांनी कंपनी घेतली, ठरल्यापेक्षा चढ्या भावाने. ड्रूने तिला ते स्वतः सांगितलं, तिचा राजीनामा हातात घेऊन. "तो आठवडा त्यांना फार आवडला," तो म्हणाला. "पूर, यंत्र खाली गेलेलं, कोण गेलं, किती वाजता, सगळं एकाच ठिकाणी. असे आकडे दुसऱ्या कुणाकडे नाहीत. माणसाने केलेली चूक ओळखायला यंत्राला यावरून शिकवणार आहेत. तुझा पहारासुद्धा परत येतोय, जास्त पैसे भरणाऱ्यांसाठी." राजीनामा टेबलावर ठेवून तो म्हणाला, "थांब ना. तुझ्याशिवाय कुणाला कळणार ते?"

ती थांबली नाही. थांबली असती तरी काही फरक पडला नसता, आणि हे ठाऊक असणं हेच तिला सगळ्यात जड गेलं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा वारा सुटायचा अंदाज आला. दुपारी धक्क्यावर चार होड्या होत्या. प्रत्येकाने आपापले दोर खाली केले आणि परत आला. आता दोरादोरावर कंपनीची पिवळी पाटी होती, परवानगीशिवाय हात लावू नये. ग्लेनिस सगळ्यात शेवटी आली. शेजारच्या दोरांपाशी तिने होडी जरा हळू केली. मग सरळ धक्क्याला लागली.

स्टॅव्ह शेडमध्ये होता, खाडीत जायचे लांब बूट घालून. फळ्या धुतलेल्या, चाकू पुसून ठेवलेले. त्याने कॉफी उकळली नाही. नेरिडा दारात उभी राहिली, आत ये असं तो म्हणाला नाही, म्हणून तिथेच.

"एक विचारायचंय," तो म्हणाला. "तू आकड्यातली आहेस, तुला सांगता येईल. मला समजूत नको. समजूत घालणारे बरेच येऊन गेले."

"विचारा."

"त्या बुधवारी मी ग्लेनिसचे दोर तसेच सोडून घरी आलो असतो, तर?"

नेरिडाला उत्तर ठाऊक होतं. पेटाऱ्याला गाळ दिसला त्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि हे कुणी विचारू नये म्हणून तिने दोन पानं लिहिली होती. ग्लेनिसचे निम्मे पेटारे फाटले असते. यंत्र वरच राहिलं असतं. गुरुवारी पहाटे दिवा लाल झाला असता.

"यंत्राने बरोबर सांगितलं असतं," ती म्हणाली. "खाडी बंद झाली असती. रविवारी क्लबात कालवं नसती."

"बर्नी जिवंत असता."

"माझी चूक आहे ती, स्टॅव्हकाका. यंत्र मी हलवलं. पहारा मी काढला."

"ते नाही विचारलं मी." तो तिच्याकडे बघत होता. रागाने नाही. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. "मी दुसऱ्याच्या दोराला हात लावला नसता, तर बर्नी जिवंत असता. हो की नाही?"

खोटं बोलावं असं तिला फार वाटलं, आयुष्यात इतकं कधी वाटलं नव्हतं. पण तो माणूस समोर उभा होता आणि त्याने सरळ विचारलं होतं.

"हो," ती म्हणाली.

स्टॅव्हने मान हलवली, आणि बसून बूट काढायला लागला.